देवीच्या दिव्याचं तेल

माझं दूधच माझ्या बाळाला बाधलं असं सासू म्हणाली आणि मला ते खरं वाटलं. मी सातवी शिकलेली, मला काय कळणार. नवरा खाणीचा ट्रक चालवायचा, खाणी बंद पडल्यापासून घरीच असतो, म्हणून बाळ तीन महिन्यांचं असतानाच मी डिचोलीकडे काजू फोडायच्या कामाला परत लागले. काजूच्या सालीत काळं तेल असतं, लागलं की कातडी जळते. त्या संध्याकाळी धावत घरी आले, बाळ रडून लाल झालेलं, साबणाने हात खसाखसा धुतले नि अंगावर घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या ओठांना फोड. मग छातीशी नेलं की किंचाळायचं. सासू म्हणाली, "तुझ्या दुधात वीख उतरलां गो. पाजू नको." तीन दिवस बाळ बाटलीवर. माझी छाती दगड झालेली, अंगात ताप, दूध मोरीत पिळायचे नि रडायचे.

चौथ्या दिवशी बाळाला घेऊन सातेरीच्या देवळात गेले. गुरवाने कौलासाठी देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर दूध चांगलं, डावी पडली तर विष. किती वेळ उभी होते, एकही पडली नाही. वाटलं, देवीलाही मी नको झाले. पायरीवर बसून हुंदके देत होते.

एक म्हातारी दिव्यासाठी खोबरेलाची बाटली घेऊन आली. "रडतंस कित्याक गो बाय?" मी सगळं सांगितलं. तिने माझी नखं बघितली, आत काजूचं काळं तेल तसंच होतं. "साबणान ह्या जाता काय, येडे? खोबरेल लावंचा लागता. माझे तिघव काजू फोडतानाच वाढले. दुधाक काय जावंक नाय." आणि बाटली माझ्या हातावर ओतली. मी घाबरले, म्हटलं, आजी, देवीचं तेल! "देवीक काळोखात बसाची सवय आसा. तुझ्या झिलाक उपाशी ऱ्हवाची नाय."

नखं पुसली, छाती पुसली. वाटलं, खरंच विष असलं तर? बाळाने दोनदा तोंड फिरवलं. मग धरलं, असं ओढलं की डोळ्यांत पाणी आलं. "माझी बस चुकतली," म्हणत म्हातारी गेलीसुद्धा, नाव विचारायचं राहिलं.

ओठ बरे व्हायला आठवडा लागला. भीती अजून गेली नाही. कामावर ब्लाउज भिजतो, मोरीत पिळावं लागतं, वाटतं एक दिवस दूध आटेलच. पण देवीने कसं बोलायचं ते मी ठरवून गेले होते, आणि ती तिच्या मनाने बोलली. आता मी ठरवत नाही. आज पाजलं, उद्याचं तिच्यावर.