जवळ्याच्या बोचक्यातल्या गोळ्या

मनुबाईचं डोकं ठिकाणावर होतं, हे आधी ऐकून घ्या. पुढे गावाने तोंडाला येईल ते सांगितलं, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं.

मुरुडच्या रस्त्यावरच्या एका एसटी थांब्यात तिने सहा वर्षं काढली. नवरा गेल्यावर दिरांनी घराबाहेर काढलं, आणि तेव्हापासून तेच दीर तिच्या कानात बोलायला लागले. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांनी ते गप्प झाले. महिन्यातून एकदा ती एसटीने अलिबागला जाऊन गोळ्या आणायची, एरवी बंदरावर मासळी निवडायची. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

गोळ्या आणि दवाखान्याचा कागद ती सुक्या जवळ्याच्या बोचक्यात खुपसून ठेवायची. थांब्यावरचे दारुडे सगळं चाचपत, पण त्या वासाला कोण हात लावतोय! बाई शहाणीच.

मग कोरोना आला. एसटी बंद, बंदर बंद, आणि कहर म्हणजे संडासाला कुलूप. का, तर गर्दी होते! एकट्या बाईची कसली डोंबलाची गर्दी? नळाची तोटीसुद्धा काढून नेली. पहाटे सुरूच्या बनात जायची, तर तिथूनही हुसकलं. मदतवाल्यांनी पाच किलो कच्चे तांदूळ हातात ठेवले आणि फोटो काढला. शिजवायचे कशावर, ह्यांच्या कपाळावर?

तेवढं सगळं तिने गिळलं. गोळ्या मात्र सतराच उरल्या होत्या.

"अर्धी अर्धी खाते," ती गावच्या आशासेविकेला, तैयबाला म्हणाली. "पन गाडीचं बघ गो. गोळी सुटली तर ते मेले परत बोलाया लागतील."

तैयबाने गावच्या कोरोना समितीच्या बाळाजीला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्याचं एकच: "रस्ता बंद हाय. गाडी मिळनार न्हाय."

चौथ्या दिवशी हाच बाळाजी फवारणीवाले घेऊन थांब्यावर आला. मनुबाई विहिरीवर पाण्याला गेली होती. बोचक्याला वास येतोय, म्हणजे रोगच असणार, एवढी अक्कल पाजळून त्यांनी बोचकं पेटवून दिलं. अरे मेल्यांनो, समुद्राकाठी जन्म गेला तुमचा, सुक्या जवळ्याचा वास ओळखता येईना?

मनुबाई परतली तेव्हा नुसती राख होती. तैयबाने दवाखान्यात फोन लावला. तिकडून सांगितलं, कागद दाखवा, मग गोळ्या देतो. कागद तर राखेत. तैयबा त्या माणसाशी कडाकडा भांडली, उपयोग शून्य.

बोचकं जळल्यापासून आठव्या दिवशी दीर बोलायला लागले. मनुबाईने कानात चिंध्या कोंबल्या, तरी बोलत राहिले. तिची झोप उडाली. बाराव्या दिवशी ती बाळाजीच्या अंगणात गेली आणि त्याच्या मोटारीच्या काचेवर धोंडा घातला.

"माझ्या गोळ्या दे! जाळल्यास त्या दे!"

बाळाजी ओटीवरून ओरडला, "बघा, बघा! येडी हाय ती, पयल्यापासून सांगतोय!"

आणि काय सांगावं, अर्ध्या तासात गाडी आली. बाळाजीनेच फोन केला होता. नाक्यावर आडवे लावलेले बांबू त्याने स्वतःच्या हाताने बाजूला केले. गाडीतून उतरलेल्या दोघांनी मनुबाईचे हात तिच्याच पदराने बांधले आणि तिला आत बसवलं.

"कुठं नेतायत गो मला?" तिने धावत आलेल्या तैयबाला विचारलं.

"अलिबागला. दवाखान्यात."

गाडी नाक्याबाहेर पडताना मनुबाईने खिडकीतून बाळाजीकडे बघितलं.

"आज मिळाली व्हय रं गाडी?"

बाळाजी बांबू परत लावत होता.