अस्वल आणि बगळा दुरुस्तीला निघतात

मस्कतमधल्या रुवीच्या मागच्या गल्लीत हुसैनमियाँ परकारांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, नुसती पाटी उरली होती. २०१५ साल उजाडेपर्यंत टीव्ही भिंतीला चिकटण्याइतके सपाट झाले होते, आणि बिघडले की लोक ते कचऱ्याच्या डब्याशी टेकवून नवे आणत. हुसैनमियाँ रिमोटची बटणं पुसत बसायचे. ज्या माणसानं एके काळी मस्कतच्या गच्च्यागच्च्यांवर अँटेना उभे केले, त्याच्यावर ही वेळ यावी! पण काळापुढं कुणाचं चाललंय?

त्यातच व्हिसा संपत आला. म्हातारा अर्बाब, म्हणजे ज्याच्या नावावर दुकान होतं तो ओमानी मालक, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "खलास, हुसैन. आता आराम." आराम म्हणजे दाभोळचं कुलूपबंद घर. साबेरा, त्यांची बायको, केव्हाच अल्लाघरी गेली होती. एकुलती एक लेक तस्नीम मात्र इथंच, अल् घुब्र्याला राहत होती. तिचा नवरा अरमान रुसैलच्या एका कारखान्यात इंजिनीअर. फार सालस पोरगा. तो म्हणाला होता, "अब्बा, माझ्या व्हिसावर इथंच राहा ना आमच्याकडं."

तो हे म्हणाला तेव्हा तस्नीम शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही.

आता जावयाचं आमंत्रण कितीही गोड असलं, तरी लेकीच्या तोंडून आल्याशिवाय बापाच्या घशाखाली उतरत नाही. हुसैनमियाँ तिच्या एका शब्दासाठी थांबले होते. दर शुक्रवारी नमाजानंतर ते जेवायला जात. तस्नीम त्यांना पहिलं वाढी, सुरमईचा चांगला तुकडा त्यांच्या ताटात पडे, घावनं गरम असत. कुठं बोट ठेवायला जागा नाही. पण बोलणं मोजकं, पाहुण्याशी बोलावं तसं. हुसैनमियाँ मनाशी म्हणत, तिच्या लहानपणी दोन-दोन वर्षांनी महिनाभर घरी येणारा बाप पाहुणाच की!

अशाच एका शुक्रवारी नऊ वर्षांच्या झरीननं, तस्नीमच्या मुलीनं, टॅबवरून मान वर करून विचारलं, "नाना, तुम्ही छोटे होते तेव्हा कुठला कार्टून बघायचे?"

हुसैनमियाँ खळखळून हसले. "छोटा होतो तेव्हा आमच्याकडं लाईट कुठं होती गो? मोठा झाल्यावर बघलंय. हितंच, कंपनीच्या कॅम्पात."

आणि म्हातारा खुलला. तेव्हा मस्कतात टीव्हीच नवा होता. कॅम्पच्या जेवणाच्या हॉलात एक पेटी आणली होती, आणि बातम्यांआधी त्यात कुठल्या तरी परदेशातलं एक कार्टून लागायचं. नाव कुणालाच वाचता येत नसे. बोलणं त्यात नव्हतंच. एक ढोल्या अस्वल आणि एक काडीसारखा बगळा, दोघं खटारा गाडीतून लोकांच्या घरी दुरुस्तीला निघायचे. नळ गळतोय म्हणून जायचे आणि घर बुडवून यायचे. बगळा शिडीवर चढून दिवा लावायचा, आणि दिवा लागल्याच्या आनंदात अस्वल टाळ्या वाजवायचं. शिडी धरलेल्या हातांनी! समोर बसलेले सगळे गवंडी, वायरमन, प्लंबर. मलबारी, पठाण, कोकणी, सगळे एका भाषेत हसायचे, कारण त्या दिवशी त्यांच्यापैकी कुणीतरी हेच करून आलेलं असायचं.

सत्तरीकडं झुकलेल्या हुसैनमियाँनी उठून बगळ्याची चालही चालून दाखवली. झरीन हसली, आणि लगेच टॅबवर शोधू लागली. शोधून शोधून दमली.

"नाना, नाहीये. इंटरनेटवर नाही म्हणजे ते नव्हताच. यू मेड इट अप."

"होतं," स्वयंपाकघराच्या दारातून तस्नीम म्हणाली. "मला सगळे भाग पाठ आहेत."

तिला पाठ होते ते कॅसेटमुळं. त्या काळी आखाती माणसं पत्रं कमी लिहीत. टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलत आणि गावी निघालेल्या कुणाच्या तरी हाती कॅसेट देत. घरची माणसं ती ऐकून, त्याच फितीवर आपलं बोलणं भरून परत धाडत. जुनं पुसलं जाई, नवं चढे. बायकोला काय सांगायचं ते हुसैनमियाँना सुचे. पण जी पोर आपल्याला बघून पडद्याआड पळते, तिच्याशी काय बोलायचं? म्हणून तिच्या वाट्याला दर वेळी अस्वल-बगळ्याचा एक भाग.

"अम्मी विहिरीवरनं पाणी ओढायची," तस्नीम म्हणाली. आवाज शांत होता, पण ती हात पदराला खसाखसा पुसत होती. "आणि मी ऐकायची, की अब्बा तिकडं टीव्हीसमोर बसून हसतायत. वर्षानुवर्षं. ईदेला यायला त्यांना सवड नाही, पण एक भाग चुकत नाही. शाळेत पोरी विचारायच्या, तुझा बाप काय करतो? मी सांगायची, कार्टून बघतो."

हुसैनमियाँ उभ्याचे खाली बसले. एवढी वर्षं हे पोरीच्या पोटात होतं, आणि ते समजत होते की आपण तिला हसवलं!

"तस्नीम," ते हळूच म्हणाले, "खरे भाग दोन-तीनच होते गो. मग तां कार्टून बंदच झालां."

"मग बाकीचे?"

"तां मीच."

तस्नीम बघत राहिली. मग एकेक आठवून विचारू लागली, जसं कुणी अंधारात भिंत चाचपत जावं.

"गच्चीवर दोघांचे पाय डांबरासारखे चिकटतात, तो?"

"जून महिना होता. चप्पल वितळली माजी."

"बगळ्याचे पंख कुणीतरी कपाटात कुलूप लावून ठेवतं, आणि त्याला उडून घरी जाता येत नाही?"

"पासपोर्ट. त्या वेळचा मालक वेगळा होता. बॅग बांधून तयार होती माजी, ईदेसाठी."

तस्नीमनं खुर्ची ओढली आणि बसली. पुढचं विचारावं की नाही, असं तिचं झालं होतं.

"आणि अस्वल शिडीवरनं पडतं... पाय वर टांगून महिनाभर पलंगावर गाणी म्हणतं..."

"रुवीच्या हॉस्पिटलात होतो. कॅसेट तितंच भरली."

"मी हसले होते, अब्बा!" तस्नीमचा आवाज चिरकला. "पोट धरून हसले होते. अम्मीनं माझं हसू भरून पाठवलं होतं तुम्हाला."

"ठाऊक हाय. वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकवलां मी. नर्स पन हसली."

झरीन टॅब बाजूला ठेवून दोघांकडं टुकुटुकु बघत होती. तिला अर्धं कळलं, अर्धं नाही. तस्नीमनं डोळे पुसले, पुन्हा भरले, पुन्हा पुसले.

"म्हणजे अस्वल तुम्ही," ती म्हणाली. "आणि बगळा? बगळा कोण होता तुमच्याबरोबर?"

"कोन नाय," हुसैनमियाँ म्हणाले. "बगळा पन मीच. एकटा मानूस पडला असां सांगितलां, तर पोर रडते गो. दोघं पडली की हसते."

मग तस्नीम उठली, बापासमोर जमिनीवर बसली आणि लहानपणी जे कधी केलं नव्हतं ते तिनं केलं. त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं.

"दाभोळला जायचं नाय तुम्ही," ती तशीच म्हणाली. "आता पडलात तर मला सांगायचं. तुम्ही पडलात म्हणून सांगायचं."