टेबलावरची आडवी बाटली

आज शरबताची रिकामी बाटली टेबलावर आडवी झाली आणि मला इंदूरची एक दुपार आठवली. मध्य प्रदेश तेव्हा नवा होता. काका बिलियर्ड्सची फायनल जिंकून आले होते. "भिया, तुमचा हात म्हणजे भगवान की देन!" म्हणत क्लबची मंडळी परतली.

काकांनी गळ्यातला हार खुर्चीवर टाकला, जेवणाच्या टेबलावर बाटली आडवी ठेवली आणि तिच्या अरुंद तोंडातून खेळायची काठी आत-बाहेर करू लागले. काच एकदाही वाजली नाही.

"काका, जिंकलात ना? मग आता कशाला?"

"एका शॉटला हात हलला होता गं. किसी को दिखा नहीं, बस."

काकू ताटं घेऊन ताटकळली होती. मी मात्र श्वास रोखून त्यांच्या स्थिर हाताकडे बघत होते. आज वाटतं, देवाने त्यांना काही दिलंच असेल, तर हाताचं ते हलणं टिपणारे डोळे.