सुखदेव मिस्त्रीचं तळघर

सुखदेव मिस्त्री प्लास्टरच्या आधी प्रत्येक खोलीत एकदा दुपारची झोप काढायचे. सिमेंटचं रिकामं पोतं अंथरायचं, चपला उशाला घ्यायच्या आणि खुशाल घोरायचं. मालक बोंबलत राहायचा. "झोप लागली तं खोली पास," एवढंच ते म्हणायचे. अख्ख्या बालाघाटात असा परीक्षक दुसरा नसेल.

आमचं घर त्यांनीच बांधलं. माझ्या डोक्यात बेसमेंटचं खूळ होतं. उन्हाळ्यात थंडगार खोली, आणि तिथे माझी आई! मोठ्या ऐटीत मी त्यांना नकाशा दाखवला.

"सर, हे बेसमेंट नोहे. तयघर होय."

"फरक काय?"

"तयघरात आलू-कांदे ठेवतेत. त्याईले अंधार पाह्यजे. बेसमेंटात मानूस राह्यते. त्याले जमिनीच्या वर खिडकी लागते, हवा लागते. तुमची खिडकी कुठं हाय?"

खिडकीच्या जागी माझी मोटारसायकल उभी राहणार होती. तो विषय टाळून मी हट्ट्याच्या बावडीचा, तिथल्या जुन्या पायऱ्यांच्या विहिरीचा, दाखला दिला. जमिनीखाली केवढं बांधकाम, काय तो गारवा!

"हौ. अन् तेथं राहून कोन राह्यलं? वटवाघळं!"

मी भडकलो. "घर माझं, आई माझी. तुम्ही विटा रचा," असं फटकन बोलून गेलो. मिस्त्रींनी निमूट विटा रचल्या. स्लॅब पडला, वरच्या भिंती उभ्या राहिल्या. मग एका दुपारी ते खाली झोपायला गेले आणि पाच मिनिटांत पोतं काखेत मारून वर आले.

"नापास. आता तुमी झोपून पाहा."

इरेला पेटून मी गेलो. गारवा होता, खोटं कशाला बोलू? पण जरा वेळानं जीव घुसमटला, घशाला कोरड पडली. बांधकाम पाहायला आलेली आई वरच होती. तिला हाक मारली. पुन्हा मारली. मग चक्क ओरडलो. शेवटी धडपडत वर येतो, तर पुढच्या खोलीत आई आणि मिस्त्री चहा पीत गप्पा हाणताहेत.

"माझा आवाज आला नाही?"

"कवा रे?" आईनं विचारलं.

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. "सर, या खोलीत काय ठेवान?"

"सोफा."

"म्हंजे सोफ्याले खिडकी, अन् मायले आलूची जागा."

"राहू दे ना बाप्पा," आई घाईघाईनं म्हणाली, "मले चालते खाली." तिचं ते 'चालते' ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोफा खाली गेला, आईची खाट पुढच्या खोलीत खिडकीशी आली. पाहुणे जिना उतरून बसतात, चहा घटाघटा पितात आणि लगेच उठतात. बायकोला ही सोय भलतीच आवडली.

मागच्या हिवाळ्यात मिस्त्री गेले. अंत्ययात्रा आमच्याच गल्लीतून निघाली. आई खाटेवरून उठली, खिडकीच्या गजांना कपाळ टेकवून तिनं हात जोडले आणि रडत म्हणाली, "गेला बाप्पा, माहा मिस्त्री गेला." मी तिच्या मागे उभा होतो. खाली असती, तर तिला कळलंही नसतं.