शेळी जात नाही तिथलं कुंपण

भूत, करणी, चकवा असल्या कशावर माझा कधी विश्वास नव्हता. मी शाळेत सायन्स शिकवतो. अमावास्येला घाबरणाऱ्या पोरांना मुद्दाम मसणवटीजवळून फिरवून आणणारा मी माणूस. तरी आपल्या मासिकाच्या सदरातले वाचकांचे अनुभव वाचून वाटलं, आपलाही लिहावा… खरं तर अनुभव लिहिणं सोपं आहे. त्याच्या आधीचं लिहिणं जड जातंय.

सरकारचा झाडं लावण्याचा वनमहोत्सव सुरू होऊन तीन-चार वर्षं झाली होती. मी आर्वीहून आष्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावी मिडल स्कूलला होतो. वय चाळिशीच्या पुढे. गावाच्या वरच्या अंगाला जुना तलाव, आणि त्याच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, पाझराचं पाणी साचून झालेली दोनेक एकर दलदल. लोक तिला ‘फसन’ म्हणत. वैशाखातही ती वाळत नसे. कडेला घोटाभर चिखल, पण मध्ये म्हैस गेली तर बैल जुंपून ओढून काढावी लागे. त्या फसनीच्या कडेनं पोरांकडून शंभर जांभळं लावून घ्यायची, असं ठरलं.

रोपं शाळेचा चपराशी पुंजाजी यानं वर्षभर वाढवली होती. साठीला टेकलेला, डावखुरा माणूस. घरी तीन शेळ्या. रोपांना कुणाची शेळी लागू नये म्हणून शाळेतल्या वाफ्याभोवती त्यानं बाभळीच्या काट्या, म्हणजे काटेरी फांद्या, रोवल्या होत्या, आणि पळसाच्या मुळ्यांच्या दोरीनं बांधल्या होत्या. डावखुरा असल्यामुळे त्याची गाठ उलटी बसायची. पोरं तिला ‘पुंजाजीची गाठ’ म्हणत.

आदल्या रात्री पाऊस झालेला. दुपारपर्यंत साठ रोपं लागली आणि पोरं मानेपर्यंत चिखलानं भरली.

“गुरुजी, बंड्याची चप्पल फसनीनं खाल्ली!”

“त्याच्यापाशी चप्पल होती कवा?” दुसरा ओरडला.

सगळे हसत होते. मी नव्हतो हसत. भूक लागली होती, अंगात कणकण होती, धोतर खराब झालं होतं. मी म्हणालो, “उरलेली द्या आत फेकून. झालं काम.”

पुंजाजी पुढे आला. “गुरुजी, लेकरं थकली असतीन तं घरी धाडा. मी उद्या-परवा एकटा लावतो.”

“उद्या साहेब येणार आहेत पाहायला.”

“साहेबाले सांगा ना, चाळीस रायली म्हणून. झाडाले काय घाई हाय?”

मी पोरांकडे पाहिलं. पोरांना तेच हवं होतं. एकेक रोप गरगर फिरवून त्यांनी फसनीच्या मध्यावर भिरकावलं. कुणाचं लांब जातं याची शर्यतच लागली. पुंजाजी पाठ फिरवून रिकाम्या टोपल्या धूत बसला.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर साहेबांनी मोजली. साठ. हेडमास्तरांच्या रिपोर्टात शंभर. हेडमास्तर माझ्याकडे वळले. मी म्हणालो, “रोपं पुंजाजीकडे होती… त्याच्या घरी शेळ्या आहेत…”

एवढंच. मी वाक्य पूर्णही केलं नाही. ते साहेबांनी केलं.

पुंजाजी पोरांकडे वळला. “सांगा ना रे, पोरं हो.”

पोरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. एकही बोललं नाही. मी सात वर्षं त्या शाळेत शिकवलं, पण पोरांनी माझ्याकडून इतक्या चटकन दुसरं काही शिकल्याचं आठवत नाही.

पंधरा दिवसांत त्याची नोकरी गेली. तो रस्त्यानं निघाला की पोरं शेळीसारखी ओरडत. “पुंजाजी, शेळ्यायले जांभूळ गोड लागलं का?” ओरडणारी पोरं तीच, रोपं भिरकावणारी.

एकदा तो माझ्या दारात आला. बैस म्हटलं तरी बसला नाही.

“नौकरीचं जाऊ द्या गुरुजी. पर माह्या शेळ्या बांधून असतात, हे तुम्हाले मालूम हाय. तेवढं लेकरायले सांगजा.”

मी म्हणालो, “पाहू.”

कार्तिकात तो तापानं गेला. मी मयतीला गेलो होतो.

आता तो अनुभव. त्या वर्षभरात मी फसनीच्या कडेवरून कितीतरी वेळा गेलो. पौषात गेलो, चैत्रात गेलो. कडेची साठ रोपं पाण्यानं कुजून गेली होती. मध्ये काळ्या चिखलाशिवाय काही नव्हतं. हे मी शपथेवर सांगतो.

पुढच्या आषाढात वनमहोत्सवाची जागा पाहायला सातवीच्या पोरांना घेऊन गेलो. सकाळचे आठ वाजले असतील, चांगलं ऊन पडलेलं. फसनीच्या मध्यावर, आम्ही जिथे फेकली होती तिथेच, जांभळांची सरळ ओळ उभी होती. झाडं कमरेएवढी. पोरांनी मोजली – चाळीस. आणि प्रत्येक झाडाभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण.

मी फळ्या मागवल्या, चिखलावर टाकल्या, आडवा होऊन सरकत पहिल्या झाडापर्यंत गेलो. आजूबाजूला पावलाचा एकही ठसा नव्हता. काट्यांवरची बाभळीची पानं हिरवीगार, उघडी. बाभळीची फांदी तोडली की तासा-दोन तासांत पानं मिटतात, हे मी स्वतः वर्गात शिकवलेलं. दोरी पळसाच्या मुळीची. गाठ उलटी.

शेळीच काय, कुत्रंही जिथे जाऊ शकत नाही, तिथे शेळीसाठी कुंपण.

पोरं कडेवर उभी होती. एकानं हळूच विचारलं, “गुरुजी, तुम्ही लावले का?”

मी नाही म्हणालो नाही.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की गुरुजींनी पुंजाजीच्या शेळ्यांनी केलेलं नुकसान गुपचूप स्वतःच्या हातानं भरून काढलं. वनमहोत्सवाच्या दिवशी हेडमास्तरांनी मला हार घातला. मी तो घालून घेतला. समोर तीच पोरं टाळ्या वाजवत होती.

त्या दिवशी दुपारी मी पुंजाजीच्या घरी गेलो. त्याची बायको गिरजाबाई दारात शेळीला पाला टाकत होती. मी तिला सगळं सांगितलं. फेकलेली रोपं, साहेबांपुढचं ते अर्धं वाक्य, कुंपण, गाठ. तिनं ऐकून घेतलं. गाठीचं ऐकूनही ती रडली नाही.

“मले काऊन सांगता, गुरुजी? मले तं पयल्यापासून मालूम होतं. गावाले सांगा.”

“सांगतो,” मी म्हणालो.

मी बदलीचा अर्ज केला. दिवाळीआधी मी गाव सोडलं होतं.

ती झाडं कुणी लावली, काट्या कुणी रोवल्या, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. वाचकांपैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवावं, पण मी त्याची वाट पाहत नाही. लेख पक्का करताना कच्च्या कागदावरचं गावाचं नाव मी खोडलं. मुलीचं लग्न व्हायचं आहे, सोयरीक त्याच भागातली आहे, असं बायको म्हणाली, आणि मला ते लगेच पटलं. पुंजाजी हेही त्याचं खरं नाव नाही.