एका बादलीतला सूड

दोन नोव्हेंबर, रविवार. पैज पाचशे रुपयांची. हजर: मी, माझी बायको आणि शेजारचे साहेब, आमच्यासारखेच बदलीने फरीदाबादला आलेले. टोमॅटोची रोपं दोघांची दहा-दहा. होळीला ज्याची जास्त हिरवी, तो जिंकला.

पैजेमागे राग होता. आदल्या वर्षी करपा रोगाने आमची सगळी झाडं गेली. बायकोने माहेरून आणलेलं बी होतं ते. साहेबांनी त्यातलं एक वाळकं झाड उपटून आमच्या फाटकाला टांगलं आणि गल्लीभर सांगितलं, "वहिनींचा पेशंट गेला, यार!" ती हसली नाही. मीही विसरलो नाही.

यंदा लावणीआधी मी रोपांची मुळं उपयोगी जिवाणूंच्या पावडरीत बुडवली. पाणी आदल्या दिवशी भरून ठेवलेलं, म्हणजे क्लोरीन उडून जातं. हे जिवाणू मुळांवर वस्ती करतात आणि झाडाला आतून सावध ठेवतात. रोग पानावर आला की झाड लवकर प्रतिकार करतं. त्यासाठी जिवाणू मुळाशी जिवंत हवेत, एवढंच.

डिसेंबरात साहेब भिंतीवरून डोकावले. "तुमची रोपं जोरात आहेत. काय घालता?"

मी पावडरीचं नाव सांगितलं.

"किती?"

"लिटरला दहा ग्रॅम."

त्यांनी पावडर आणली, मुळाशी ओतायला बादलीत कालवली आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याच बादलीत तांब्याचं निळं बुरशीनाशक ओतलं. "एका फेरीत दोन कामं. बरोबर ना?"

तांब्याने ते जिवाणू मरतात. मला माहीत होतं.

"बिल्कुल," मी म्हणालो.

फेब्रुवारीत दोन दिवस पाऊस, मग दमट धुकं. करपा दोन्हीकडे आला. आमच्या पानांवरचे ठिपके मसुरीच्या दाण्याएवढे होऊन थांबले. त्यांच्याकडे खालची पानं गळली, मग वरची. मी रोज चहा घेऊन भिंतीशी उभा राहायचो. चहा इतका गोड कधी लागला नव्हता.

होळीला मोजणी झाली. आमची नऊ, त्यांची तीन. साहेबांनी नोट माझ्यापुढे धरली.

"मला नाही," मी म्हणालो. "पेशंट वहिनींचा होता."

पाचशे रुपये त्यांनी माझ्या बायकोच्या हातात दिले. तिने विचारलं, "टोमॅटो हवेत का? साठ रुपये किलो." बाजारात चाळीस होता. त्यांनी दोन किलो घेतले. एकूण सहाशे वीस, तिला, रोख.