तावडेकाकांचं व्हर्नियर

तावडेकाका आमच्या घरी पहिल्यांदा आले ते व्हर्नियर घेऊन. लोखंडाची जाडी मोजायचं ते जबड्यासारखं हत्यार बघून आई दचकलीच. "घाबरता काय वहिनी, मोजतोय, कापत नाहीये!" जन्मभर मोहने गावच्या कारखान्यात फिटर, आता इथे कोपर गावात आमचे शेजारी.

स्कूटरवरून पडून माझी नडगी मोडलेली. ऑपरेशन करून हाडाला स्टीलची पट्टी-स्क्रू घालून दोन महिने झाले आणि तिथे हा टणक गोळा! आई म्हणाली, हाडवैद्याकडून तेलाने रगडून बसवू. मी आतून टरकलेले. पट्टीच सुटली असेल तर?

काकांनी आपला पायजमा वर केला. त्यांच्या नडगीतही जुनी पट्टी होती आणि वर असाच उंचवटा. "वेल्डिंग केलं की सांध्यावर फुगवटा येतो ना? हाडाचंही तेच. रगडायचं नाही हं बाई! पण एक्स-रे काढून डॉक्टरला दाखव, मी पडलो फिटर."

डॉक्टरकडे काकाही आले. नवं हाड भरतंय, मालीश नको, असं डॉक्टर म्हणाले. काकांचा प्रश्न तयारच होता, "पण कुठे थांबायचं ते हाडाला सांगतं कोण?"

"चालताना भार पडतो तिथलं टिकतं, बाकीचं हळूहळू झिजतं."

काका खूश. "म्हणजे आतून कानस चालते!"

मग दर रविवारी चहानंतर दोघांच्याही पायांची मोजणी, आणि आकडे खडूने आमच्या दाराच्या चौकटीवर. माझा आकडा उतरत होता. त्यांचा तोच राहायचा.

एका रविवारी काका लंगडत आले. मोजायला मी त्यांचा पाय धरला आणि चमकले.

"काका, हे तापलंय!"

"छट्!" काकांनी व्हर्नियर लावलं. "माप बघ, तेच आहे. व्हर्नियर खोटं बोलत नाही."

"अहो, त्याला ताप कळतो का?" मी ओरडलेच. दुसऱ्या दिवशी त्यांना ठाण्याच्या हॉस्पिटलात नेलं. पट्टीभोवती पू झाला होता. अजून थांबला असतात तर पायावर बेतलं असतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. पट्टी काढली, पाय वाचला.

काका परतल्यावरच्या पहिल्या रविवारी मी खडू घेऊन तयार होते. त्यांनी व्हर्नियर बाजूला ठेवलं आणि हाताची पालथी बाजू माझ्या नडगीवर टेकवली, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी. बराच वेळ तशीच ठेवली.

"गार आहे," ते म्हणाले. "आता मोजू."